परदेशगमन आणि प्रवासभाड्याचा विचार

(मंडळाच्या केळझर येथील वार्षिक कुटुंबमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा विषय कोणता निवडावा, हा प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला. अशा व्यासपीठावरून शिक्षणप्रसार, वसतिगृह, हुंड्याची चाल, वधूवर-परिचय या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि तो सर्वथा योग्य आहे. परंतु अलीकडे आपल्या घराघरांतून एक वेगळाच प्रश्न ऐकू येतो. कोणाच्या मुलाला जर्मनीत प्रवेश मिळालेला असतो. कोणाच्या मुलीचे बाळंतपण अमेरिकेत व्हावयाचे असते. कोणाला आखाती देशांत नोकरीचे बोलावणे आलेले असते. आनंदाचे पेढे वाटून होतात, आणि मग रात्री दिवा मालवल्यावर घरची कर्ती माणसे एकमेकांस विचारतात, "तिकिटाचे कसे करायचे?" हा प्रश्न आम्हांस लहान वाटत नाही. म्हणून परदेशी जाण्याचे विमानभाडे आपल्यासारख्या बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांना परवडेल असे कसे मिळवावे, याचा विचार आज आपणांसमोर मांडावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा तरुण विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्यांच्या ज्ञातीची सभा भरली. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य ठरवून शेटजींनी त्यांस ज्ञातिबहिष्कृत केले आणि जो कोणी त्यांस मदत करील अथवा निरोप देण्यास धक्क्यावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठोठावला. हेच गांधीजी पुढे १९३६ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामी येऊन राहिले. त्यांच्याही आधी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी या अठरा वर्षांच्या महाराष्ट्रकन्येने कलकत्त्याहून अमेरिकेची बोट धरली. न्यूयॉर्कला पोहोचण्यास तिला जवळजवळ दोन महिने लागले. त्या काळी ज्ञातीची सभा भरे ती जाणाऱ्याला अडविण्यासाठी. आज आपण जमलो आहोत ते जाणाऱ्याची वाट सुकर करण्यासाठी. सव्वाशे-दीडशे वर्षांत घडलेला हा पालट अभिमान वाटावा असाच आहे. समुद्राची अडचण गेली, धर्माची अडचण गेली. आता उरली ती पैशाची अडचण.

ही अडचण केवढी, हे आपल्याच मापाने मोजून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरविला. समजा, जाण्यायेण्याचे तिकीट ८१,१०० रुपयांना पडले, तर ते बरोबर दहा क्विंटल कापसाचे झाले. कोरडवाहू रानात दहा क्विंटल कापूस पिकविण्यास किती एकर लागतात, किती वेचण्या कराव्या लागतात आणि बोंडअळीने व अवकाळी पावसाने त्यांतले काय उरते, हे या सभेत कोणास सांगावयास नको. म्हणूनच तिकिटात वीस हजारांची बचत झाली, तर ती सुमारे अडीच क्विंटल कापसाची बचत होय. शहरातील नोकरदारास ही रक्कम किरकोळ वाटेल. शेतकरी कुटुंबास ती किरकोळ नाही. ज्या घराने मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढले आहे, त्या घराला तर ती मुळीच किरकोळ नाही.

आता विमानाचे भाडे ठरते कसे, ते पाहू. एस.टी.च्या तिकिटाप्रमाणे ते अंतरावर ठरत असेल, अशी आपली समजूत असते. तसे ते नाही. एकाच विमानात, एकाच वर्गात, शेजारी शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी निरनिराळे भाडे दिलेले असते. विमान कंपनी आपल्या आसनांचे अनेक गट पाडते. स्वस्त गटात थोडी आसने, त्याहून महाग गटात आणखी काही, अशी ती उतरंड असते. खालचे मडके रिकामे झाले की पुढच्या गिऱ्हाइकाला वरच्या मडक्यातून घ्यावे लागते. याखेरीज दिवस गर्दीचा की मोकळा, त्या मार्गावर स्पर्धक कंपन्या किती, इंधनाचा भाव काय, यांवर गटांची वाटणी रोज बदलत असते. उडून गेलेल्या विमानातले रिकामे आसन बाजार उठल्यावर उरलेल्या भाजीसारखे असते. त्याचे पुढे काही मोल येत नाही. म्हणून कंपनी सतत अंदाज बांधत राहते आणि भाव खालीवर होत राहतो.

या एका गोष्टीतून आपल्या कामाच्या चार गोष्टी निघतात.

पहिली ही की, निर्णय लवकर घ्यावा. परदेशच्या प्रवासासाठी साधारणतः तीन ते पाच महिने आधी भावाकडे लक्ष ठेवण्यास आरंभ करावा. सुट्टीच्या दिवसांत जावयाचे असेल तर त्याहूनही आधी. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास विमान कंपनी पाणी देते, परंतु हंड्याला सोन्याचा भाव लावते. मात्र व्हिसा मिळण्यापूर्वी, रद्द केल्यास पैसे परत न मिळणारे तिकीट काढण्याची घाई करू नये. व्हिसाचा अर्ज आधी करावा, भावावर नजर ठेवावी आणि व्हिसा हाती येताच तिकीट घ्यावे, हा सुरक्षित क्रम होय. व्हिसापूर्वीच तिकीट घेणे भाग पडले, तर तारीख बदलता येईल असे घ्यावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल.

दुसरी गोष्ट ही की, तारखेच्या बाबतीत हट्ट धरू नये. मे-जूनच्या उन्हाळी सुट्टीत, दिवाळीच्या आगेमागे आणि डिसेंबरअखेरीस भाडी चढतात. ऑगस्टच्या सुमारास परदेशी शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्यांची गर्दी उसळते. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत आणि दिवाळी वगळून सप्टेंबर-ऑक्टोबरात पुष्कळदा मोकळीक असते. विद्यार्थ्याला आपली तारीख निवडता येत नाही, बाळंतपणालाही मुहूर्त लावता येत नाही; परंतु केवळ भेटीस जाणाऱ्या आईवडिलांना महिना निवडता येतो. आठवड्याच्या मधल्या वारी निघणे शनिवार-रविवारपेक्षा बहुधा स्वस्त पडते. येथे एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे. मंगळवारी तिकीट विकत घेतल्याने ते स्वस्त मिळते, अशी एक समजूत पसरलेली आहे. खरेदीच्या वारात काही जादू नाही. फरक पडतो तो प्रवासाच्या वाराने.

तिसरी गोष्ट कुटुंबवत्सल मंडळींनी विशेष लक्षात ठेवावी. चौघांचे तिकीट एकदम शोधले आणि स्वस्त गटात दोनच आसने उरलेली असली, तर यंत्र चौघांनाही वरच्या गटाचा भाव दाखविते. म्हणून आधी एकाचा भाव पाहावा, मग दोघांचा, मग सर्वांचा. फरक मोठा दिसला तर दोन भागांत तिकिटे काढता येतात. मात्र लहान मुले अथवा वृद्ध बरोबर असतील, तर त्यांची तिकिटे कर्त्या माणसाच्या तिकिटापासून तोडू नयेत. विमान रद्द झाल्यास एक तिकीट एका वाटेने आणि दुसरे दुसऱ्या वाटेने जाण्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट ही की, जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकत्र घेतल्यास पुष्कळ जुन्या कंपन्यांकडे ते दोन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. विद्यार्थ्यांसाठी काही कंपन्या सवलतीचे भाडे अथवा जास्त सामान देतात. ते विचारल्याशिवाय कोणी आपण होऊन सांगत नाही, म्हणून विचारावे.

आता कोठून निघावे, याचा विचार करू. येथे आपल्या नागपूरची एक जुनी कीर्ती सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. १९४९ साली आपल्या देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चारही दिशांहून विमाने रात्री निघत आणि मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र जमत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी विमाने आपापल्या गावी परतत. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडण्यास सहा मार्ग लागले असते. नागपूर मध्ये धरल्याने चारच पुरले. आज दुबई, दोहा, अबुधाबी, इस्तंबूल ही शहरे जगाच्या व्यवहारात हेच करीत आहेत. अनेक गावांचे उतारू एके ठिकाणी आणावयाचे आणि तेथून अनेक गावांस पांगवावयाचे, म्हणजे प्रत्येक विमान भरते आणि भाडे खाली येते. थेट जाणाऱ्या विमानापेक्षा मध्ये एकदा विमान बदलून जाणे बहुधा स्वस्त पडते, त्याचे कारण हेच. आपल्या आजोबांच्या काळी जी युक्ती सोनेगावच्या धावपट्टीवर चालली, तिचाच लाभ आज त्यांच्या नातवंडांनी घ्यावयाचा आहे.

केळझरहून नागपूरचा विमानतळ वर्धा-नागपूर मार्गाने तासाभराच्या वाटेवर आहे. तेथून शारजा व दोहा या शहरांशी विमानांचे दळणवळण राहिले आहे. त्यांची वेळापत्रके हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्याच्या वेळी खात्री करून घ्यावी. पुष्कळ लोक नागपूरचा भाव न पाहताच मुंबई अथवा दिल्ली गृहीत धरतात. आमचे सांगणे असे की, हिशेब विमानतळापासून विमानतळापर्यंत न करता आपल्या उंबरठ्यापासून तिकडच्या उंबरठ्यापर्यंत करावा. समजा, मुंबईहून तिकीट सहा हजारांनी स्वस्त दिसले. परंतु वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जावयाचे, सोबत पोचवावयास एक माणूस न्यावयाचा, गाडी उशिरा येईल म्हणून एक दिवस आधी निघावयाचे, लॉजमध्ये उतरावयाचे, टॅक्सी करावयाची आणि परतीच्या वेळी हेच सारे पुन्हा करावयाचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशातली ती गत होते. उलट फरक पंचवीस हजारांचा असेल, तर मुंबईचे कष्ट खुशाल सोसावेत. आकडे दोन्हीकडचे मांडावेत आणि मग ठरवावे.

येथे एक धोक्याची सूचना. नागपूर ते मुंबई आणि मुंबई ते लंडन असे एकच तिकीट काढले असेल, आणि आपण नागपूरचे विमान सोडून रेल्वेने मुंबईस जाऊन परस्पर लंडनच्या विमानापाशी उभे राहिलो, तर बहुतेक कंपन्या पुढचा सारा प्रवास, परतीच्या तिकिटासह, रद्द करतात. तिकिटाचा पहिला तुकडा वापरला नाही की बाकीचे तुकडे निकामी होतात. मुंबईला मामाकडे दोन दिवस राहून मग विमानात बसू, असा बेत असेल तर तिकीट तसेच काढले पाहिजे.

याच्या उलट दुसरी चूक आहे, आणि ती अधिक महागात पडते. संगणकाच्या पडद्यावर सर्वांत खाली जो भाव दिसतो, तो पुष्कळदा दोन निरनिराळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटे जोडून तयार केलेला असतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील माउली लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी निघाली. मुलाने मोठ्या हौसेने, सुमारे नऊ हजार रुपये वाचवून, अशी दोन सुटी तिकिटे काढली होती. पहिले विमान चार तास उशिरा सुटले. मधल्या विमानतळावर पोहोचेपर्यंत दुसरे निघून गेले होते. पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हांस येथवर आणण्याचे वचन दिले होते, ते पाळले. दुसरी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट संपले. दोघींचेही म्हणणे नियमाला धरून होते. त्या माउलीला इंग्रजी येत नव्हते, हाताशी पैसा नव्हता आणि त्या देशात बाहेर पडण्याचा व्हिसाही नव्हता. दीड दिवस ती एका बाकावर बसून होती. नवे तिकीट जुन्याच्या दुप्पट भावाने काढावे लागले, आणि ती पोहोचली तेव्हा नातू दोन दिवसांचा झाला होता. सुदैवाने बाळबाळंतीण सुखरूप होती. परंतु ज्या घटकेला आई हवी होती, ती घटका निघून गेली. नऊ हजारांच्या बचतीची ही खरी किंमत होय.

म्हणून आमचे निक्षून सांगणे आहे की, घरापासून मुक्कामापर्यंत एकच तिकीट असावे, एकाच नोंदणी क्रमांकावर असावे. असे असल्यास पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तरी पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामानही बहुधा थेट मुक्कामी जाते. सुट्या तिकिटांत मध्येच सामान सोडवून घ्यावे लागते. त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि प्रवेशासाठी व्हिसा लागतो. काही देशांत तर नुसते विमान बदलण्यासही व्हिसा मागतात. हे नियम वारंवार बदलतात. त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत सूचनेवरच विसंबावे, शेजाऱ्याच्या आठवणीवर नव्हे.

सामानाविषयी दोन शब्द. स्वस्त तिकिटात पुष्कळदा सामानाचे पैसे धरलेले नसतात आणि ते विमानतळावर भरावयाचे म्हणजे जबर पडतात. दोन तिकिटांची तुलना करताना सामानाचे वजन सारखे धरूनच करावी. आपल्याकडे परदेशी जाणाऱ्याबरोबर लोणचे, पापड, तिखट, मसाला, कुरड्या आणि वर शेजारच्या काकूंनी दिलेला लाडवांचा डबा हे सारे जाते. यांतले प्रेम आम्ही जाणतो. पण १९३१ साली गोलमेज परिषदेस निघालेल्या गांधीजींनी बोटीवर आपल्या सोबत्यांचे सामान पाहिले, तेव्हा त्यांतले अनावश्यक ते सारे एडनहून परत पाठविण्यास लावले, हे स्मरणात ठेवावे. आपल्याला एडनला उतरावयाचे नाही. म्हणून निवड घरीच करावी. नागपूरच्या विमानतळाला ज्यांचे नाव दिले आहे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण याहून गंभीर आहे. १९१७ साली ते विलायतेहून परतले, तेव्हा त्यांचे सामान व ग्रंथ वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडाली. नुकसानीची भरपाई मिळाली, पण ग्रंथ गेले ते गेलेच. तात्पर्य हे की, प्रवासाचा विमा जरूर उतरावा, आणि प्रमाणपत्रे, औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी व पैसा ही हातातल्या पिशवीतच ठेवावीत. अमेरिकेस जाणाऱ्या वृद्धांनी आजारपणाचा विमा टाळून काटकसर करू नये. तेथील इस्पितळाचे एका दिवसाचे बिल तिकिटाच्या कित्येक पट होऊ शकते.

आता तिकीट घ्यावे कोठे? भाव पाहण्यासाठी गुगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर यांसारखी साधने उत्तम आहेत. घरातील बारावीच्या मुलाला सांगितले तर तो ती घटकाभरात दाखवील, आणि भाव उतरला की कळविण्याची सोयही त्यांत आहे. परंतु भाव तेथे पाहिला तरी तिकीट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावे. चार-पाचशे रुपये अधिक गेले, तरी अडचणीच्या वेळी दारोदार हिंडावे लागत नाही. परकीय चलनात पैसे भरल्यास बँक कार्डावर शेकडा दोन-तीन रुपये वेगळे आकारते, तेही हिशेबात धरावे. सहलीचे संपूर्ण पॅकेज घेतल्यास त्यावर प्राप्तिकर उगमापाशीच गोळा केला जातो; तो बुडत नाही, वार्षिक विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो. तिकीट रद्द करण्याची वेळ आली, तर मूळ भाडे परत मिळो वा न मिळो, भारतीय कंपन्यांकडून सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत मिळण्याचा हक्क प्रवाशाला आहे. पुष्कळ लोक तो मागतच नाहीत.

एजंटाकडून तिकीट घेणे वाईट नव्हे. आपल्या गावचा जुना, माहितीचा एजंट संकटकाळी उपयोगी पडतो. परंतु भाव ऐकून भुलू नये. तिकिटावर तेरा आकडी क्रमांक असतो, नोंदणीचा सहा अक्षरांचा संकेत असतो. तो संकेत कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या आडनावासह घालून पाहावा. नाव, तारीख आणि 'तिकीट निश्चित' हे तेथे दिसले तरच उरलेले पैसे द्यावेत. केवळ मोबाइलवर आलेल्या चित्राला तिकीट समजू नये. नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांनी तर आणखी सावध असावे. परदेशी नोकरीस माणसे पाठविणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. स्वस्त तिकिटाचे आमिष दाखवून बनावट नोकरी गळ्यात बांधणारे लोक आहेत, आणि त्यांचे भक्ष्य शहरी साहेब नसून खेड्यातील होतकरू पोरे आहेत.

एक बारीक गोष्ट स्त्रियांसंबंधी. पारपत्रावर जे नाव असेल, तेच अक्षरशः तिकिटावर असले पाहिजे. आपल्याकडे लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची चाल आहे. पारपत्र माहेरच्या नावाचे आणि तिकीट सासरच्या नावाचे, असा घोटाळा झाला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त तिकिटाची सारी बचत गिळून टाकतो. कधी कधी विमानातही बसू देत नाहीत. तसेच पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने उरलेली असावी. नागपूरला विभागीय पारपत्र कार्यालय आहे. हे काम तिकिटाच्या आधी उरकावे.

यावर कोणी म्हणेल, "हे सारे शिकल्यासवरल्यांचे काम, आमच्यासारख्यांनी काय करावे?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्यासाठीच तर आपले मंडळ आहे. आपण ज्या केळझरात बसलो आहोत, ती महाभारतातील एकचक्रा नगरी होय, अशी येथील परंपरा सांगते. बकासुराकडे अन्नाचा गाडा घेऊन जाण्याची पाळी एका गरीब घरावर आली. बाप म्हणाला मी जातो, आई म्हणाली मी जाते, लेकरे म्हणाली आम्ही जातो. त्या घरात उतरलेल्या कुंतीने ते रडणे ऐकले आणि त्या घराचे संकट आपले मानून भीमाला पाठविले. तिने ते संकट त्या घराचे खाजगी मानले नाही, यातच त्या कथेचा सारांश आहे. आपल्याही प्रत्येक घरावर तिकिटाची पाळी एकेक करून येते, आणि प्रत्येक घर एकटेच तिला तोंड देते. एकाने शिकलेले दुसऱ्यास कळत नाही. एकजण फसतो आणि लाजेने गप्प बसतो, म्हणून दुसरा तेथेच फसतो.

यासाठी आमच्या चार सूचना आहेत. परदेशी जाऊन आलेल्या कुटुंबांनी आपला अनुभव, म्हणजे कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने, किती भाड्याने गेलो आणि काय अडचण आली, हे एका पानावर लिहून मंडळाच्या वहीत नोंदवावे. दुसरे, मंडळातील दोन-तीन तरुणांनी तिकिटे शोधून देण्याचे व तपासून पाहण्याचे काम सेवा म्हणून अंगावर घ्यावे. तिसरे, एकट्या निघालेल्या वृद्धांची आणि त्याच मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्यांची गाठ घालून द्यावी. वृद्धांना वाट सापडते, विद्यार्थ्याला घरची सोबत मिळते आणि यात कोणाचाच पैसा खर्च होत नाही. ज्यांना चालवत नाही त्यांनी तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. ती सेवा देणे हे कंपनीचे काम आहे, त्यात संकोच नको. चौथे, शिक्षणनिधीतून होतकरू विद्यार्थ्याच्या पहिल्या तिकिटासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि कमावता झाल्यावर त्याने ती परत करावी. भाव उतरलेला असतो तेव्हा हातात पैसा नसतो, आणि पैसा जमतो तोवर भाव चढलेला असतो. गरिबाला तिकीट महाग पडते त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते दूर करणे आपल्या हाती आहे.

शेवटी एवढेच सांगावयाचे की, काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. तिकिटातून वाचलेला पैसा कशासाठी वाचवावयाचा, हे ध्यानात असले म्हणजे झाले. विद्यार्थ्याच्या बाबतीत तो पहिल्या महिन्याच्या खोलीभाड्यासाठी आहे. आईच्या बाबतीत तो पुढच्या वर्षी पुन्हा लेकीला भेटता यावे यासाठी आहे. आखातात गेलेल्या तरुणाच्या बाबतीत तो बहिणीच्या लग्नाला घरी येता यावे यासाठी आहे. भाडे परवडत नाही म्हणून वडिलांच्या अंत्यदर्शनाला मुकलेली मुले आपल्या समाजात आहेत, आणि नातवंडाचा चेहरा केवळ मोबाइलच्या काचेवर पाहणारे आजोबाही आहेत. ज्या समाजाने आपली मुले सातासमुद्रांपलीकडे पाठविण्याचे धैर्य दाखविले, त्याने त्यांच्या येण्याजाण्याची वाटही मोकळी ठेवली पाहिजे. पूर्वी निरोपाला धक्क्यावर जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड होता. यापुढे आपल्यापैकी प्रत्येकाने जाणाऱ्याच्या निधीत वर्षाकाठी तेवढा तरी आहेर घालावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

येथील टेकडीवरचा सिद्धिविनायक आपल्या मुलाबाळांच्या जाण्याची आणि त्याहूनही त्यांच्या परत येण्याची वाट निर्विघ्न करो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.